कानाला येणारी भाषा डोळ्यालाही हवी

वयाच्या ३६व्या वर्षी मी कन्नड वाचायला शिकले. भाषा नवी नव्हती, ती माझ्या आईची भाषा. वडिलांकडून मराठी, आईकडून कन्नड, शेजारीपाजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत मी वाढले. आईवर रुसायचं तेही कन्नडमधूनच. पण त्या भाषेचं एकही अक्षर मला येत नव्हतं, आणि त्यात काही उणं आहे असं कधी कुणाला वाटलंही नाही. बोलता येतंय ना, मग झालं.

लहान मुलांचं पुस्तक आणलं, ओळीखाली बोट धरलं आणि सुरुवात केली. कन्नडमधले 'म' आणि 'व' दिसायला सख्खे भाऊ, शेवटच्या वळशाचा काय तो फरक. मी दर वेळी तिथेच अडायचे. 'म', मग 'ने'. जुळवायला इतका वेळ लागायचा की दुसरं अक्षर हाती येईपर्यंत पहिलं निसटून जाई. आणि मग एकदम ती दोन्ही एकमेकांना चिकटली: 'मने'. घर. तो शब्द मला थेट आईच्या आवाजात ऐकू आला. दोन पानांनी 'माडुत्ताने' आलं आणि पुन्हा गाडी अडली. 'तो करतो' याला आमच्या घरात 'माडतान' म्हणतात. पुस्तकातलं ते लांबलचक, इस्त्री केलेलं रूप मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. जन्मापासून जी भाषा माझी म्हणत होते, तिचं अर्धं अंग मी पाहिलेलंच नव्हतं.

इंग्रजीत नेमकं उलट घडलं होतं. दुसरीत असताना मी इंग्रजी धड्याचं अख्खं पान घडाघडा वाचून दाखवायची, बाई शाबासकी द्यायच्या, आणि त्या पानावर काय लिहिलंय असं कुणी विचारलं असतं तर मला धड एक वाक्य सांगता आलं नसतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. गुणाकार हा शब्द महत्त्वाचा. बेरीज असती तर एक बाजू लंगडी असली तरी दुसऱ्या बाजूने थोडंफार भागलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. कन्नडमध्ये माझी पहिली बाजू शून्य होती, इंग्रजीत दुसरी. दोन्ही बाजू भरलेली एकच भाषा माझ्याकडे होती, मराठी. मी वाचणारी झाले ती त्या एका भाषेमुळे, आणि पुढे इंग्रजीत जे काही वाचलं तेही तिच्याच जोरावर.

अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलांबद्दल बोलताना आपण बोलण्याचं कौतुक करतो. चार वर्षांचं पोर आजीशी एका भाषेत आणि शेजारच्या काकांशी दुसऱ्या भाषेत बोलतं, याचं सगळ्यांनाच नवल वाटतं. पण बहुभाषिक घर मुलाला कान देतं, डोळा देत नाही. बोलणं अंगावर पडतं, वाचणं कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. माझं म्हणणं असं आहे की ते ठरवण्याची जबाबदारी एकट्या आईवडिलांवर टाकून चालणार नाही. शाळांनी आणि ग्रंथालयांनीही ती उचलायला हवी.

रशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्हचं उदाहरण घ्या. १८९९मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका श्रीमंत घरात त्याचा जन्म झाला. घरात रशियन, इंग्रजी, फ्रेंच अशा तिन्ही भाषा नांदत होत्या. तो सहा वर्षांचा असताना वडिलांच्या ध्यानात आलं की आपल्या मुलांना इंग्रजी लिहितावाचता येतं, रशियन मात्र 'काकाओ' आणि 'मामा' या दोन शब्दांपलीकडे वाचता येत नाही. त्यांना धक्काच बसला. मग गावच्या शाळामास्तरांना रोज दुपारी शिकवायला बोलावलं गेलं. रशियन ही त्या देशाची भाषा, नोकरांची, नातेवाइकांची, रस्त्यावरची भाषा. तरीही ती आपल्या पायांनी चालत मुलांच्या वाचनात आली नाही. एका बापाला धक्का बसला आणि मास्तर बोलावण्याइतकी त्याची ऐपत होती, म्हणून ती आली.

एलियास कानेटीची गोष्ट मला याहून जास्त चटका लावते. १९०५मध्ये बल्गेरियातल्या रूसे शहरात जन्मलेला हा मुलगा. घरची भाषा लादिनो, म्हणजे स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी जपलेली जुनी स्पॅनिश. आईवडील आपापसात जर्मन बोलत, मुलांना कळू नये म्हणून. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं, वडील अचानक वारले, आणि आठ वर्षांच्या एलियासला आई स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये जर्मन शिकवू लागली. पद्धत अशी: पुस्तक तिच्या हातात, ती वाक्य म्हणणार, अर्थ एकदाच सांगणार, मुलाने ते ऐकून पाठ करायचं. पुस्तक बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी चुकलं की तिचा तिरस्कार वाट्याला यायचा. हे काही आठवडे चाललं. अखेर घरातल्या इंग्रज बाईने मध्यस्थी केली आणि मुलाला अक्षरं शिकण्यासाठी ते पुस्तक मिळालं. तिथून त्याचे हाल संपले. १९८१चं साहित्याचं नोबेल मिळवणारं सगळं लेखन त्याने याच जर्मनमध्ये केलं. लहानपणी घरकाम करणाऱ्या बल्गेरियन मुलींकडून ऐकलेल्या लांडग्यांच्या आणि भुतांच्या गोष्टी त्याला मोठेपणी जर्मनमध्येच आठवत. ज्या भाषेत त्या ऐकल्या ती भाषा विसरून गेली, पण गोष्टी दुसऱ्या भाषेत जशाच्या तशा उरल्या.

केवळ कानावर भरवसा ठेवला की काय होतं आणि डोळा मिळाल्यावर काय होतं, हे या एकाच बालपणात दिसतं. आणि ऐकलेलं भाषा ओलांडून टिकतं, हेही.

आता शाळेकडे येते. माझी भाची दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत सुट्टीतल्या वाचनाची एक नोंदवही असते. गेल्या सुट्टीत तिने अकरा मराठी पुस्तकं वाचली. वहीत एकही लिहिलं नाही, कारण वही इंग्रजी पुस्तकांची होती. सत्राच्या शेवटी शेरा आला: वाचनाची आवड कमी. ती पोर रडली नाही, वाद घातला नाही. तिने ते मान्य करून टाकलं, आणि मला याचंच जास्त दुःख झालं. 'मी वाचत नाही ना आत्या,' असं ती मला म्हणाली तेव्हा तिच्या मांडीवर एक उघडं पुस्तक होतं.

असे शेरे लिहिणारे शिक्षक दुष्ट नसतात. त्यांच्या हातातलं माप एका भाषेचं असतं. एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या मापाबद्दल फार काही सांगून जातो. ३ ते १० वर्षांची १,७३८ मुलं त्यांनी तपासली. काही फक्त इंग्रजी बोलणारी, काही इंग्रजीबरोबर घरी आणखी एक भाषा बोलणारी. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह सरासरीने कमी भरला. हे ऐकून कुणीही लगेच म्हणेल, पाहा, दोन भाषांच्या नादात एकही धड नाही. पण सहा वर्षांच्या मुलांचे शब्द वेगळे काढून पाहिले तेव्हा कळलं की उणीव मुख्यतः घरातल्या शब्दांची आहे. शाळेतल्या शब्दांत दोन्ही गट बरोबरीचे होते. साहजिकच आहे. ज्या वस्तूंना घरात दुसऱ्या भाषेतली नावं आहेत, त्यांची इंग्रजी नावं मुलाला कोण सांगणार? मुलाकडे शब्द होते. विचारणाऱ्याने ते ज्या भाषेत ठेवलेले आहेत तिथे हात घातला नाही.

म्हणून 'मूल वाचनात मागे पडतंय, घरी आता शाळेचीच भाषा बोला' हा सल्ला मला घातक वाटतो. तो बहुधा प्रेमाने दिला जातो आणि आईबाप तो जिवाच्या आकांताने पाळतात. स्वतःला नीट न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोलू लागतात. वाक्यं आखूड होतात, गोष्टी बंद होतात, थट्टामस्करी संपते, 'का' या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत उरकलं जातं. त्या गुणाकारातली जी एक बाजू घराने भरून दिली होती, तीच रिकामी होते. हातात काय उरतं, तर न समजता घडाघडा वाचणारं मूल. मी ते मूल होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते. बहुभाषिक मुलांचा मेंदू अधिक तल्लख होतो, या दाव्यावर मी माझं म्हणणं उभं करत नाही. त्यावर अभ्यासकांत वाद आहेत, आणि २०१५मध्ये तर असंही दाखवून दिलं गेलं की फायदा सापडलेले अभ्यास जास्त छापले जातात आणि न सापडलेले मागे राहतात. मला त्या दाव्याची गरजही वाटत नाही. मुलाला आपल्या घरची भाषा वाचता यावी, यासाठी त्याची बुद्धी वाढते हे सिद्ध करण्याची अट कशाला?

बहुभाषिक वाढीने वाचनाला जे मिळतं ते वेगळंच आहे, आणि ते मी अनुभवाने सांगू शकते. पहिली गोष्ट, अर्धवट समजण्याची सवय. अनेक भाषांच्या घरातलं मूल लहानपणापासून अशा बोलण्यात बसलेलं असतं, ज्यातलं सगळं त्याला कळत नाही. मावशी काहीतरी म्हणते, सगळे हसतात, मूल दोन शब्दांवरून आणि चेहऱ्यांवरून अर्थ लावतं. चुकतं, पुन्हा लावतं. न कळलेला शब्द तसाच खिशात ठेवून पुढे जायची कला त्याला येते. वाचकाला याहून मोठी शिदोरी लागत नाही. कठीण पुस्तक मिटून ठेवणारे बहुतेक लोक पुस्तक कळत नाही म्हणून मिटत नाहीत. पहिल्या पानावर तीन शब्द अडले की त्यांना आपण या पुस्तकासाठी नाही असं वाटतं, आणि ते थांबतात.

दुसरी गोष्ट, शब्दाबद्दलची सावधगिरी. देवनागरी वाचणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत वाचला तर शिक्षण, मराठीत वाचला तर दंड. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'राजीनामा' मराठीत पद सोडण्याचा कागद, हिंदीत संमतीचा किंवा तडजोडीचा. अक्षरं तीच, कान्यामात्रेचाही फरक नाही, तरी दोन भाषांचा वाचक प्रत्येक वेळी नकळत विचारतो: हे वाक्य कुणाच्या तोंडचं आहे? हा प्रश्न विचारायची सवय पुढे बातमी वाचताना, करारनामा वाचताना, भाषण वाचताना उपयोगी पडते.

याच लिपीत उलटा धडाही आहे. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' सारखे लिहितो, सारखे उच्चारत नाही. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' कागदावर हुबेहूब एक. कुठला 'ज' कुठे, हे लिपी सांगत नाही, कान सांगतो. हिंदीतून देवनागरी शिकलेलं मूल मराठी पान अक्षर न अक्षर वाचून दाखवतं आणि तरी ते मराठी वाटत नाही. म्हणजे डोळा दिला की काम झालं, असंही नाही. कान आणि डोळा जोडीनेच चालतात. म्हणून ज्या भाषेत मुलाचा कान तयार आहे, त्या भाषेत डोळा न देणं ही केवढी नासाडी आहे!

यावर एक रास्त शंका घेतली जाते. लहानग्यावर दोन-दोन, तीन-तीन लिप्यांचं ओझं कशाला? ओझं असतं, हे मी नाकारत नाही. कन्नडमधल्या प्राथमिक वाचनावर झालेल्या संशोधनात अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच असलेली दिसते, कारण जोडाक्षरं आणि स्वरचिन्हं मिळून अक्षरांचा पसारा मोठा आहे. पण इंग्रजी तर त्याहून अवघड. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेरा युरोपीय लिखाणपद्धतींच्या तुलनेत पहिलीच्या अखेरीस फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ सगळे बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी मुलं सुमारे ३४ टक्के. तिथे एका अक्षराचे पाच उच्चार आणि एका उच्चाराची पाच स्पेलिंगं. मग कान तयार नसलेल्या मुलाने वाचनाचा पहिला डाव याच भाषेत मांडावा, हा आग्रह कुठल्या हिशेबाने धरायचा? खुणांमधून अर्थ निघतो, हा शोध मुलाला एकदाच लावायचा असतो. तो सोप्या जागी लागला की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून लावावा लागत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलं ते हेच, की एका भाषेत कमावलेलं वाचन दुसऱ्या भाषेच्या कामी येतं. नवी लिपी शिकणं ही मेहनत आहे, पण ती मेहनत कशासाठी करायची हे माहीत असलेल्या माणसाची मेहनत. मला कन्नड अक्षरं बसायला चार महिने लागले. वाचन म्हणजे काय हे शिकायला शून्य दिवस.

दुसरी शंका अधिक खोल आहे. घरची भाषा सोडूनही माणसं मोठी होतात, मग हट्ट कशाला? कन्नडचंच बघा. द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी, मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या घरी तमिळ, गिरीश कार्नाड यांच्या घरी कोंकणी. तिघांनाही ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड लेखनासाठी. मला ही नावं माझ्या विरोधात वाटत नाहीत. घरच्याच भाषेत लिहा, घरच्याच भाषेत वाचा, असा सोवळेपणा मला नको आहे. बेंद्र्यांनी मराठीतही लिहिलं. त्यांना निवडता येत होतं. माझा आग्रह निवडता यावं एवढाच आहे. जिचं अक्षर कधी दाखवलंच नाही ती भाषा माणूस निवडतही नाही आणि सोडतही नाही. ती त्याच्याकडून काढून घेतलेली असते.

आणि कधीकधी काढून घेणं अगदी उघड असतं. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेबद्दल लिहिलं आहे. शाळेत गिकुयू, म्हणजे आपली घरची भाषा, बोलताना सापडलेल्या मुलाला छडी मिळे, किंवा गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवली जाई. पुढे त्याच माणसाने १९७८मध्ये केनियाच्या तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर, गिकुयूतच कादंबरी लिहिली. ती १९८०मध्ये छापून आली तेव्हा घराघरांत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बसमध्ये, दारूच्या गुत्त्यातही तिचं वाचन होई. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचाही कान तर तयार होताच. एका वाचणाऱ्याने तो सगळ्यांच्या उपयोगी आणला.

सगळ्यात कमी बोललं जातं ते भाषेच्या वयाबद्दल. आपण जी भाषा वाचत नाही, ती लहानपणीच्याच वयाला थांबते. माझ्या चार भाषांपैकी दोन माझ्याएवढ्या झाल्या. कन्नड नऊ वर्षांची राहिली. तिच्यात मला हट्ट करता येतो, लाडात येता येतं, झोपेत बडबडता येतं. तीन वर्षांपूर्वी आई आजारी पडली, तिचे रिपोर्ट आले, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला तिला तिच्या भाषेत सांगता येईना. धोका किती, उपचार कशासाठी, दुसरा पर्याय काय, यातला एकही शब्द माझ्या कन्नडमध्ये नव्हता. मी इंग्रजी नावांना कन्नड प्रत्यय जोडत राहिले. ती मान डोलवत राहिली. मला कळत होतं की तिला कळत नाहीये. ती बरी झाली, पण ती संध्याकाळ मी विसरलेली नाही. कन्नड शिकायला बसले ती त्यानंतर.

हे शब्द घरातल्या गप्पांतून कधीच आले नसते. ते पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून येतात. म्हणून घरच्या भाषेत चित्रांची चार पुस्तकं आणून देणं पुरत नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला शरीराबद्दल, पैशाबद्दल, अवकाशाबद्दल, प्रेमाबद्दल वाचायचं असतं. नेमकं त्या वयाचं काही त्याच्या भाषेत मिळालं नाही की ते निमूटपणे दुसऱ्या भाषेच्या कपाटाकडे वळतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरची भाषा बालवाङ्मयापुरती ठेवणाऱ्यांनी आणि मग मुलं आपल्या भाषेत वाचत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी ते कपाट पाहावं. अनुवादांना मी इथे फार वरचं स्थान देते. कुमार वयासाठी विज्ञानाची वीस चांगली पुस्तकं एका भाषेत आणणं हे भाषादिनाच्या दहा समारंभांहून मोलाचं काम आहे.

तत्त्व तर जगाने कधीच मान्य केलं आहे. शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावं ही शिफारस युनेस्कोने १९५३मध्येच केली. २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन १९९९मध्ये ठरला आणि २०००पासून पाळला जातो. अडतं ते नोंदवहीपाशी.

भाचीच्या शाळेत मी जाऊन भेटले. मला मिळालेलं उत्तर प्रामाणिक होतं: मुलं इतक्या भाषांची, प्रत्येक भाषेतलं वाचन तपासणार कोण? प्रश्न खरा आहे, पण उत्तरही फार दूर नाही. शिक्षकाला ती भाषा यायलाच हवी असं नाही. मुलाने आपल्या भाषेत पुस्तक वाचावं आणि वर्गाच्या भाषेत ते सांगावं. काय घडलं, कुणाचं चुकलं, शेवट पटला का. न समजलेलं पुस्तक असं दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाही. पाठ केलेला उतारा म्हणून दाखवता येतो, तो हिशेबात धरायचा नाही. वाचलं का, समजलं का आणि सांगता येतं का, या तिन्हींची परीक्षा पाच मिनिटांत होते, आणि बाकीच्या मुलांना एक असं पुस्तक कळतं जे ती स्वतः वाचू शकली नसती.

त्यांनी ऐकून घेतलं. नियम बदलेल असं आश्वासन दिलं नाही, पण हवी त्या भाषेतली पुस्तकं लिहायला हरकत घेतली नाही. परवा भाचीची नवी वही पाहिली. छापील रकान्यांच्या उजवीकडे तिने पट्टीने एक रेघ मारून वर 'भाषा' असं लिहिलं होतं. खाली नऊ वेळा मराठी, चार वेळा इंग्रजी, आणि एका ओळीत: 'कन्नड, अर्धं आजीने वाचलं, अर्धं आत्याने.'